आकडा लावणं वेगळं, आकडा ओळखणं वेगळं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, मोबाईलवरचे सगळे गेम म्हणजे मटक्याचीच पोरं आहेत, लेकरांच्या हातातून फोन काढून घ्या आणि आकड्यांचे गेम तर आधी बंद करा, असं. वाचून मी चहाचा कप तसाच ठेवला, कारण आकड्यांचा गेम मीच खेळतो, वयाच्या सत्तरीत, आणि तो मला शिकवला माझ्या सातवीतल्या नातीनं. मी काही लेखक नाही, आरएमएसमधे, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमधे, सॉर्टर होतो, आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटेला लावली, स्वतः पत्र लिहायची वेळ कमीच आली. फोनवरच टाईप करून राहिलो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी एक किस्सा सांगतो म्हणजे त्या वाचकाचा गैरसमज कुठून झाला असेल ते कळेल. मी आणि नात मेट्रोनं छत्रपती चौकातून सीताबर्डीला चाललो होतो, तिला कंपास बॉक्स घ्यायचा होता, आणि रस्त्यात आमचा डाव चालू. ती म्हणे पाच नऊ दोन शून्य, मी म्हटलं एक बैल दोन गाई, ती म्हणे बरं मंग पाच दोन नऊ आठ, मी म्हटलं दोन बैल. समोरचा एक माणूस बराच वेळ कान देऊन ऐकून राहिला होता. काँग्रेस नगर गेल्यावर तो सरकून जवळ आला आणि हळूच विचारतो, काकाजी, हे ओपनचं आहे का क्लोजचं? मला आधी समजलंच नाही. तो आमचे आकडे मटक्याचे समजून राहिला होता हे समजलं तेव्हा मी लाजेनं खिडकीबाहेर पाहत बसलो आणि पोट्टी मला सारखी विचारते, आबा, ओपन म्हणजे काय.

तर गेम असा आहे. समोरच्यानं मनात चार आकडी संख्या धरायची, चारही आकडे वेगवेगळे. तुम्ही एक संख्या सांगायची. तुमचा आकडा बरोबर आणि जागाही बरोबर असली तर तो एक बैल, आकडा बरोबर पण जागा चुकली तर एक गाय. तो फक्त किती बैल किती गाई एवढंच सांगणार, कोणता आकडा बैल आणि कोणता गाय ते नाही सांगणार. त्यावरून डोकं चालवत चालवत चार बैल आणायचे. काही ॲपमधे बैल-गाईच्या ऐवजी ए आणि बी असतं, काहीत हिरवा-पिवळा ठिपका असतो, माल तोच. नात हे शाळेतल्या मैत्रिणीकडून शिकून आली होती आणि मला दाखवलं ते नेमकं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. तिचा चाकावरचा लाकडी बैल सजवून झाला होता, झालर लावली होती, आणि ही फोन घेऊन म्हणते, आबा, या गेममधे पण बैल आहेत, पण गाई पण आहेत. आता नागपुरात त्या दिवशी बैल म्हटल्यावर कोण नाही म्हणेल, मी चष्मा लावून बसलो तो बसलोच, मारबत निघून गेली तरी मी काही पाहायला उठलो नाही. आमच्या मंडळीनं त्यावरून आठ दिवस ऐकवलं.

त्या दिवशी मला एकही डाव जमला नाही हे कबूल करतो. मी आपला येईल तो आकडा टाकून राहिलो होतो, लॉटरीचं तिकीट घेतल्यासारखा. नात म्हणाली, आबा, तुम्ही मागचं उत्तर वाचतच नाही. खरं होतं तिचं. मला वाटे की उत्तरात बैल आला तर चांगलं आणि काहीच नाही आलं तर डाव फुकट गेला. ती म्हणे उलट आहे. मंग मी रात्री कागद घेऊन मोजलं. चार वेगवेगळ्या आकड्यांच्या संख्या एकूण होतात ५०४०, म्हणजे दहा गुणिले नऊ गुणिले आठ गुणिले सात, शून्य पहिलं चालत असेल तर. शून्य पहिलं चालत नसेल तर ४५३६, आणि हे आधीच ठरवून घ्यावं नाही तर मधेच भांडण होते. आता तुम्ही १२३४ टाकलं आणि उत्तर आलं एक गाय, बैल नाही, तर माणूस खूश होतो की चला काहीतरी लागलं. पण शिल्लक किती राहिल्या माहीत आहे? १४४०. आणि उत्तर आलं की काहीच नाही, ना बैल ना गाय, तर शिल्लक राहतात फक्त ३६०, कारण चार आकडे एका फटक्यात बाद झाले आणि सहाच उरले. म्हणजे ज्याला आपण भोपळा म्हणून तोंड पाडतो तो चार पट चांगला निघाला. हे मला सत्तरीत कळलं, नातीला बाराव्या वर्षी कळलं, आणि तिला कोणत्या क्लासनं नाही शिकवलं.

मटक्यात हे होत नाही हो. माझ्या लहानपणी गल्लीत आकडा लावणारे पाहिले आहेत, त्यातले बरेच हुशार होते, वह्या भरभरून चार्ट काढत, काल काय आलं, परवा काय आलं, यावरून आज काय येईल. पण कालचा आकडा आजच्या आकड्याबद्दल काहीच सांगत नाही, तिथं उत्तराला उत्तराचा धागाच नसतो, आणि म्हणूनच तो माणूस वीस वर्षं चार्ट काढूनही तिथंच राहतो आणि घर मात्र तिथं राहत नाही. तसं पाहिलं तर त्या मटक्याची सुरुवातच न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून झाली म्हणतात, ओपन-क्लोज हे शब्द तिथलेच. कापूस पिकवणारे आम्ही विदर्भातले, भाव फुटणार तिकडं, आणि त्यावर आकडा लावणार मुंबईत. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला बसलो तर पत्र संपणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमधे केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला तो चांगलाच केला, पण त्या सुपात आमचे बैल-गाई टाकू नका एवढंच म्हणणं आहे. यात पैसा नाही, नशीबही फार नाही. पहिला आकडा नशिबाचा, दुसरा अर्धा नशिबाचा, तिसऱ्यापासून तुमचं डोकं.

आणि हा गेम मोबाईलचं फॅड आहे असंही नाही. कागद-पेन्सिलीवर पोरं हा पूर्वीपासून खेळत. १९६८ मधे इंग्लंडात केंब्रिजच्या कॉम्प्युटरवर एकानं याचा प्रोग्राम करून टाकला होता, त्याचं नाव काय ठेवलं तर मू, गाय हंबरते तसं. तेव्हा आपल्याकडं ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहत बसावं लागे. मंग १९७० मधे मोर्देकाय मेरोविट्झ नावाच्या इस्राएलच्या माणसानं याच धर्तीवर आकड्यांच्या जागी रंगीत खुंट्या घेऊन मास्टरमाइंड नावाचा खेळ बनवला, मोठमोठ्या कंपन्यांनी नको म्हटलं, शेवटी इंग्लंडच्या एका प्लास्टिकवाल्यानं घेतला आणि जगभर गेला. आता मला यातलं सगळ्यात आवडलेलं सांगतो, हा मेरोविट्झ कोण होता माहीत आहे? पोस्टमास्टर! आमच्याच खात्याचा माणूस! मी हे वाचलं तेव्हा मंडळीला हाक मारून सांगितलं, ती म्हणे मंग तुम्ही काऊन नाही काही बनवलं इतक्या वर्षात.

मला याचं नवल वाटलं नाही पण, कारण सॉर्टिंग म्हणजे दुसरं काय असतं. आरएमएसच्या डब्यात गाडी चालू असताना समोर खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि एकेक आकडा पाहत पाहत पत्र कुठं जाणार ते आवळत न्यायचं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतचे पंडित माणूस आणि खात्यात मोठ्या पदावर. माझ्याआधीच्या लोकांकडून ऐकलंय की त्याच्या अगोदर एका नावाची दहा-दहा गावं असत आणि नवीन सॉर्टरची पाचावर धारण बसे. पिन आल्यावर काय झालं, पहिला आकडा ४ दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश नाही तर छत्तीसगड, बाकी देश गेला. दुसरा पण ४ म्हणजे आपला विदर्भ. तिसरा शून्य असला की नागपूर शहर, १ असला की भंडारा-गोंदियाकडचं, २ म्हणजे वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली, ३ बुलडाणा, ४ अकोला-अमरावती, ५ यवतमाळ. तीन आकड्यात अख्खा भारत एका खणात येतो. आणि पावसाळ्यात शाई फुटून एखादा आकडा गेला तर बाकीच्या पाचांवरून, गावाच्या नावाच्या उरलेल्या दोन अक्षरांवरून तो गेलेला आकडा काढायचा. आम्ही ते ३४ वर्षं पगार घेऊन केलं, आता फुकट करून राहिलो.

आता फोनवरच्या गेमबद्दल चांगलं-वाईट दोन्ही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल हा ॲपवाल्यांचा माणूस आहे. जे ॲप नातीनं टाकून दिलं होतं ते पहिले आठ दिवस गोड वागलं. मंग दर दोन डावानंतर ॲड, ती पण रमीची, बंद करायचा फुल्लीचा बटन इतका बारीक की माझ्या बोटाला सापडेना आणि दाबलं की भलतंच उघडे. मंग हिंट. दोन गाई आल्यावर जरा विचार करत बसलो की खालून बल्ब हलायला लागतो, हिंट पाहिजे का, तीस सेकंदाची ॲड पाहा. अरे, मला हिंट पाहिजे असती तर मी खेळलो कशाला असतो. आणि वरून ते स्ट्रीक का काय, रोज खेळलं नाही तर तुमची माळ तुटली म्हणून रात्री अकराला नोटिफिकेशन. साळ्याच्या लग्नात दोन दिवस फोन पाहिला नाही तर माझी ४१ दिवसांची माळ शून्यावर आणली, मला खरंच वाईट वाटलं आणि मंग वाईट वाटल्याचा राग आला. एक दिवस त्यानं कॉन्टॅक्टची परमिशन मागितली. चार आकडे ओळखायला माझ्या व्याह्यांचा नंबर कशाला पाहिजे? काढून टाकलं त्याच दिवशी. नंतर नातीनं दुसरं शोधलं, साधं, एका गरीब रंगाचं, ना आवाज ना ॲड, ते अजून आहे. तर त्या वाचकाचं अर्ध म्हणणं मला मान्य आहे, पण त्यांचा राग गेमवर आहे, माझा त्या भोवतीच्या बाजारावर आहे.

फोनचा एक गुण मात्र मानावाच लागेल, तो उत्तर देताना चुकत नाही. मी चुकतो. आणि या चुकीचीच गोष्ट मला खरं तर सांगायची होती. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, कूलर बंद, फोनची बॅटरी पण संपत आलेली, तर आम्ही फोन बाजूला ठेवून तोंडी खेळायला बसलो. आकडा मी धरला होता. तिनं १२३४ टाकलं, मी म्हटलं एक बैल एक गाय. तिनं ५६७८ टाकलं, मी म्हटलं एक बैल एक गाय. मंग तिनं १२९० टाकलं आणि मी, डोक्यात मागच्या डावाचा आकडा घोळत होता का काय, सांगून बसलो एक बैल दोन गाई. पोट्टी गप्प. पाच मिनिटं गप्प, दहा मिनिटं गप्प, कागदावर काही तरी लिहून खोडून राहिली, मला वाटलं अडकली, मी मनात खूश. मंग उठून उभी राहिली आणि म्हणते, आबा, असा आकडा जगात नाहीच. मी म्हटलं असं कसं, मी धरलाय नं. ती म्हणे पहिल्या उत्तरात दोन आकडे मिळाले, दुसऱ्यात दोन मिळाले, झाले चार, म्हणजे नऊ आणि शून्य तुमच्या आकड्यात असूच शकत नाही, मंग तिसऱ्यात एक आणि दोनवरच तीन जनावरं कुठून आणली तुम्ही? मी पाहिलं तर खरंच. माझा आकडा होता ६१७४, तिसऱ्याचं उत्तर फक्त एक गाय व्हायला पाहिजे होतं.

संपादक साहेब, मी घामानं निथळत होतो पण त्या दिवशी मला जे वाटलं ते सांगता येत नाही. सातवीतल्या लेकरानं समोरच्या मोठ्या माणसाला, तो आजोबा असून, तुम्ही चुकले असं आवाज न चढवता दाखवून दिलं, आणि त्यासाठी तिला माझा आकडा माहीत असायचीही गरज पडली नाही. गणितात तिला ५५-६० च्या वर मार्क मिळत नाही. पालक सभेत सांगितलं होतं की मुलगी लक्ष देत नाही, रीजनिंग कमी आहे. मी काही बोललो नाही तेव्हा. आता बोललो असतो.

६१७४ मी मुद्दाम धरतो, ती आता ओळखून गेलीय. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा तो आकडा आहे. कोणतेही चार आकडे घ्या, सगळे एकसारखे नको, मोठ्यापासून लहान लावा, त्यातून लहानपासून मोठे लावलेले वजा करा, पुन्हा पुन्हा तेच करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतंच. ३५२४ घेऊन पाहा, तीनदात येते. आणि गंमत अशी की आमच्या बैल-गाईतही सातच. अगदी चोख खेळणाऱ्याला कोणताही आकडा जास्तीत जास्त सात प्रयत्नात सापडतो हे गणितवाल्यांनी कॉम्प्युटरवर सगळ्या ५०४० संख्या तपासून काढलंय, सरासरी तर पाचाच्या थोडीशी वर. त्या रंगीत खुंट्यांच्या खेळाचं तर डोनाल्ड क्नुथ नावाच्या प्रोफेसरनं १९७७ मधेच दाखवलं की १२९६ प्रकार असले तरी पाच प्रयत्नात काम होते. आम्हाला घरी आठ-नऊ लागतात. आमच्या मंडळीला सहा लागतात, ती फोनला हात लावत नाही, मेथी निवडता निवडता ऐकते आणि मधेच आकडा सांगून टाकते, त्यामुळं आम्ही तिला आजकाल खेळायला घेत नाही.

तर माझी विनंती अशी. आपल्या पेपरात रोज सुडोकू येतो, मी सोडवतो, चांगला आहे, पण त्यात समोर माणूस नसतो. त्याच्या शेजारी बैल-गाईचं एक छोटं कोडं देत जा, चार-पाच ओळींचं, जागा लागलीच तर राशिभविष्य दोन इंच कमी करा, कन्या राशीला आज प्रवास योग आहे हे मला मेट्रोत बसल्यावर कळतंच. कोडं देताना दोन गोष्टी पाळा. एक म्हणजे उत्तर एकच निघालं पाहिजे, दोन निघाले तर पेपरच्या ऑफिसात फोन वाजत राहतील आणि पहिला फोन माझा असेल. दुसरं, बक्षीस ठेवू नका, एसएमएस पाठवा, लकी ड्रॉ, असलं काही नको. पैसा आला की तो मेट्रोतला माणूस पुन्हा कानाजवळ येईल.

नमुना म्हणून एक कोडं सोबत पाठवून राहिलो, मी आणि नातीनं मिळून केलंय आणि दोघांनी वेगवेगळं तपासलंय, उत्तर एकच आहे. चारही आकडे वेगळे.

३४५६ : काहीच नाही
७१२८ : तीन गाई
२९७० : दोन बैल, एक गाय
८१९२ : एक बैल, दोन गाई

नात म्हणते हिंट द्या आबा, लोक कंटाळतील. हिंट मी कोणाला देत नाही, पण एवढं सांगतो की उत्तर याच पत्रात कुठंतरी छापलेलं आहे.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर,
नागपूर